पैसे मागायला सभागृहातच यावं लागतं

मध्य प्रदेशाचा अर्थसंकल्प भोपाळमध्ये मांडला जातो, पण त्या पैशाचा शेवटचा हिशेब ग्वाल्हेरमध्ये लिहिला जातो. १९४८ ते १९५६ या काळात मध्य भारत नावाचं राज्य होतं. त्याची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असे, आणि ग्वाल्हेरची विधानसभा मोतीमहालात भरे. १ नोव्हेंबर १९५६ला नवं मध्य प्रदेश झालं आणि राजधानी भोपाळला गेली. काही मोठी कार्यालयं मात्र इथे राहिली : महालेखापाल, राजस्व मंडळ, आबकारी आणि परिवहन आयुक्त. त्यामुळे लष्कर भागातल्या एखाद्या मराठी घरात एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयात, हयात घालवलेले काका आणि उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठात वकिली करणारी पुतणी एकत्र सापडणं अवघड नाही. पुढचा संवाद अशाच दोघांच्या तोंडी घातला आहे. दोघेही कल्पित आहेत. त्यांनी सांगितलेल्या घटना मात्र घडलेल्या आहेत.

वादाचा मुद्दा असा. अधिवेशन संपत आलं, बऱ्याच खात्यांच्या अनुदान मागण्या चर्चेला यायच्या बाकी आहेत आणि सरकारला मंजुरी हवी आहे. अशा वेळी उरलेल्या मागण्या एका झटक्यात मंजूर करणं हे जबाबदारीचं काम, की सभागृहाने आपला सर्वांत जुना अधिकार सोडून देणं? माझा कल पुतणीकडे आहे, हे आधीच सांगतो. पण काकांची बाजू कच्ची नाही, आणि ती कच्ची करून मांडली तर या वादाला अर्थ उरत नाही.

काका : अगं, तुम्ही मंडळी अर्थसंकल्पाकडे भाषण म्हणून बघता. आम्ही त्याच्याकडे मुदत म्हणून बघत आलो. राज्यघटनेचं कलम २६६ सांगतं की कायद्याची मंजुरी असल्याशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून पैसा निघणार नाही. ती मंजुरी एका आर्थिक वर्षापुरतीच असते. ३१ मार्चच्या रात्री जुनी मंजुरी संपते, न खर्चलेली रक्कम व्यपगत होते, आणि १ एप्रिलला नवी मंजुरी हातात नसेल तर कोषागार अधिकाऱ्याला वेतनाचं बिल पास करता येत नाही. ते बिल शिक्षकाचं असो, पोलीस शिपायाचं असो, नाहीतर इथल्या जयारोग्य रुग्णालयातल्या परिचारिकेचं. म्हणून तर गिलोटिनची सोय आहे. कामकाज सल्लागार समिती मागण्यांसाठी दिवस ठरवते, आणि शेवटच्या दिवशी ठरलेल्या वेळी अध्यक्ष उरलेल्या सगळ्या मागण्या एकत्र मताला टाकतात. ही सोय नसती तर एखाद्या हट्टी पक्षाने नुसतं बोलत राहून सगळं राज्य वेठीला धरलं असतं. अमेरिकेत २०१८-१९च्या हिवाळ्यात संघराज्य सरकारची कितीतरी कार्यालयं ३५ दिवस बंद पडली, कर्मचारी बिनपगारी बसले. आपल्याकडे तसं होत नाही, याचं श्रेय या घाईलाच द्यायला हवं. आणि खरं सांग, आमदार चार तास बोलले म्हणून कुठल्या मागणीतला एक रुपया तरी इकडचा तिकडे होतो का? मागणी जशी येते तशीच जाते. मग ते चार तास वाचवले तर बिघडलं काय?

पुतणी : काका, मुदतीचा मुद्दा मला मान्य आहे. पण घटना लिहिणाऱ्यांनाही तो माहीत होता, आणि म्हणूनच त्यांनी कलम २०६मध्ये लेखानुदान ठेवलं. सभागृहाला पूर्ण अर्थसंकल्प सावकाश तपासता यावा, तोवर राज्याचा गाडा थांबू नये, यासाठी काही महिन्यांच्या खर्चाला आगाऊ मंजुरी द्यायची. म्हणजे तुमच्या कोषागार अधिकाऱ्याची अडचण घटनेनेच सोडवलेली आहे. आता २०२४ बघा. लोकसभेची निवडणूक होती म्हणून फेब्रुवारीत सुमारे १.४५ लाख कोटींचं लेखानुदान मंजूर झालं आणि जुलैअखेरपर्यंतची सोय झाली. पूर्ण अर्थसंकल्पासाठी अधिवेशन १ ते १९ जुलै असं बोलावलं. ३ जुलैला अर्थमंत्री जगदीश देवडा यांनी सुमारे ३.६५ लाख कोटींचा अर्थसंकल्प मांडला. ५ जुलैला तो मंजूर झाला आणि सभागृह अनिश्चित काळासाठी तहकूब झालं. मांडल्याचा दिवस धरून तीन दिवस! ठरलेल्या अधिवेशनाचे दोन आठवडे शिल्लक होते आणि लेखानुदान महिनाअखेरपर्यंत पुरणार होतं. ३१ मार्चचा धाक नव्हता, कोणाचा पगार अडत नव्हता. तरीही घाई झाली. म्हणजे घाईचं कारण मुदत नाही. मुदत हे घाईचं निमित्त आहे, आणि ते निमित्त नसतानाही घाई होते, हे २०२४ने दाखवून दिलं.

आणि रुपया इकडचा तिकडे होत नाही म्हणता, पण मागण्यांवरची चर्चा तेवढ्यासाठी नसतेच. नगरविकास खात्याच्या मागणीवर ग्वाल्हेरच्या आमदाराला विचारता येतं की तिघरा धरणाच्या पाण्यावर वाढतं शहर किती वर्षं चालवणार, चंबळचं पाणी आणायच्या योजनेचं काम कुठवर आलं, स्वर्णरेखा नदीवरच्या उन्नत रस्त्याला किती पैसे पडले आणि किती खर्च झाले. मंत्र्याला त्याचं उत्तर सभागृहात, नोंदीवर द्यावं लागतं. गिलोटिनखाली मागणी गेली की हा प्रश्न त्या वर्षापुरता मेला. लाडली बहना योजनेचं उदाहरण घ्या. २०२४मध्ये सव्वा कोटीहून जास्त बायकांना दरमहा १२५० रुपये मिळत होते, म्हणजे वर्षाला जवळपास १९ हजार कोटी. ती योजना चांगली की वाईट हा माझा मुद्दा नाही. त्यातल्या कितीतरी बायकांच्या हातात पहिल्यांदाच स्वतःचा पैसा आला. पण १९ हजार कोटींची जागा करताना दुसऱ्या कोणत्या खात्याचं काय आखडलं, हे विचारायची एकच जागा आहे आणि तिथेच वेळ दिला जात नाही.

काका : वेळ दिला की काय होतं, ते मी सांगतो. १९६७च्या निवडणुकीत २९६च्या सभागृहात काँग्रेसचे १६७ आमदार आले, द्वारकाप्रसाद मिश्र मुख्यमंत्री झाले. आपल्या विजयाराजे शिंदे त्याआधीच काँग्रेस सोडून बाहेर पडल्या होत्या आणि विरोधकांची मोट बांधत होत्या. जुलैमध्ये अर्थसंकल्पाच्या मागण्यांवर मतदान चाललं होतं. शिक्षण खात्याची मागणी चर्चेला होती, आणि तिच्या भोवतीच गोविंद नारायण सिंह यांच्यासह काँग्रेसचे ३६ आमदार पलीकडे गेले. मिश्रांनी राज्यपाल के. सी. रेड्डी यांना सल्ला देऊन अधिवेशनच संस्थगित करवलं. पण टाळून टाळणार किती? सभागृह पुन्हा बोलवावं लागलं, मागणी पुन्हा मताला आली, सरकार पडलं आणि ३० जुलैला गोविंद नारायण सिंहांनी शपथ घेतली. हे संयुक्त विधायक दलाचं, म्हणजे फुटलेल्यांचं आणि विरोधकांचं, सरकार तरी टिकलं का? मार्च १९६९मध्ये, पुन्हा ऐन अर्थसंकल्पाच्या महिन्यात, ते गेलं. राजा नरेशचंद्र सिंह १३ मार्चला आले आणि दोन आठवड्यांच्या आत गेले. २६ मार्चला श्यामाचरण शुक्ल मुख्यमंत्री झाले. आणि २०२० तर तुझ्या डोळ्यांसमोरचं. १० मार्चला ज्योतिरादित्य शिंदे काँग्रेसमधून बाहेर पडले, २२ आमदारांनी राजीनामे दिले. १६ मार्चला राज्यपाल लालजी टंडन यांच्या अभिभाषणानंतर अध्यक्षांनी करोनाचं कारण देऊन सभागृह २६ मार्चपर्यंत तहकूब केलं. सर्वोच्च न्यायालयाने २० मार्चला बहुमत सिद्ध करायला सांगितलं आणि त्याआधीच मुख्यमंत्री कमलनाथांनी राजीनामा दिला. आजी आणि नातू, दोन्ही वेळा अर्थसंकल्पाचंच अधिवेशन. या शहराने सरकारं पाडण्याचा मान मिळवला, पण राज्याला त्यातून काय मिळालं? अर्थसंकल्पाचे दिवस जितके लांबवाल, तितके आमदार फोडायला दिवस मिळतात. शहाणं सरकार म्हणूनच मंजुरी घेऊन लवकर मोकळं होतं.

पुतणी : तुम्ही सांगितलेला इतिहास बरोबर आहे, त्याचा तुम्ही लावलेला अर्थ मला पटत नाही. तिन्ही वेळा अर्थसंकल्पाचाच काळ का होता, याचा विचार करा. सरकार वर्षभर सभागृह टाळू शकतं. पावसाळी अधिवेशन चार दिवसांचं करता येतं, हिवाळी त्याहून लहान. घटनेची अट एवढीच की दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर नको. पण पैसे मागायला मात्र सभागृहातच यावं लागतं, आणि तिथे मतदान टळत नाही. म्हणून ज्या सरकारने बहुमत गमावलं आहे, ते तिथेच उघडं पडतं. मिश्रांनी अधिवेशन संस्थगित केलं तरी शिक्षण खात्याची मागणी काही मंजूर झाली नाही. त्यांना परत यावंच लागलं. यात दोष अर्थसंकल्पाचा नाही. घटनेचं यंत्र जसं चालायला हवं तसं ते चाललं, एवढंच.

पण १९६७ आणि २०२० तुम्ही एका ओळीत बसवता, तिथे माझा खरा विरोध आहे. १९६७मध्ये फुटलेले आमदार सभागृहात बसले, एका खात्याच्या मागणीविरुद्ध त्यांनी मत दिलं, आणि त्या मताने सरकार गेलं. त्यामागे पदांचं आमिष होतं, वैयक्तिक वैर होतं, हे सगळं खरं. पक्षांतराचा जो बाजार त्या वर्षी देशभर भरला त्याचाच तो भाग होता, हेही खरं. तरीही निर्णय मागणीच्या मतावर झाला, आणि मतदान कुणी कसं केलं ते नोंदीवर राहिलं. २०२०मध्ये आमदार बंगळुरूच्या रिसॉर्टमध्ये होते. त्यांनी सभागृहात काहीच नाकारलं नाही, ते सभागृहातूनच निघून गेले. पुढे काय झालं ते बघा. २३ मार्चला शिवराजसिंह चौहानांचा शपथविधी झाला, दुसऱ्या दिवशी विश्वासमत झालं, त्याच रात्री देशभर टाळेबंदी लागली, आणि लेखानुदान अध्यादेशाने आलं. जुलैतलं अधिवेशन रद्द झालं आणि पुन्हा अध्यादेश निघाला. शेवटी २१ सप्टेंबरला एका दिवसाच्या अधिवेशनात सुमारे २.०५ लाख कोटींचा अर्थसंकल्प आवाजी मतदानाने मंजूर झाला. वर्षाचे जवळपास सहा महिने उलटून गेले होते आणि तोवरचा खर्च अध्यादेशांवर झाला होता. करोना होता, मान्य. पण त्या वर्षी मध्य प्रदेशाच्या एकाही खात्याच्या मागणीची नीट तपासणी झाली नाही. आरोग्य खात्याचीसुद्धा नाही, आणि तेही करोनाच्या वर्षी.

या दोन घटनांच्या मधे काय बदललं? १९८५ची बावन्नावी घटनादुरुस्ती आली, दहावी अनुसूची आली. पक्षांतर थांबवायला ती आणली आणि त्या वेळी ती गरजेची वाटली, याला १९६७ ते १९६९चा मध्य प्रदेश हे एक मोठं कारण होतं. पण त्या अनुसूचीने पक्षादेशाविरुद्ध दिलेलं कोणतंही मत अपात्रतेला पुरेसं ठरवलं. शिक्षण खात्याच्या मागणीत १०० रुपयांची कपात सुचवून नाराजी नोंदवायची म्हटली तरी सत्ताधारी आमदाराला आमदारकी पणाला लावावी लागते. मग मत विकायचं असेल तर राजीनामा देऊन पुन्हा निवडून यायचं, हा रस्ता निघाला. बाजार तिथेच राहिला. त्याची पेठ फक्त सभागृहाबाहेर गेली. सभागृहात राहिली ती नुसती मोजणी. आणि ज्या मतदानाचा निकाल आधीच ठरलेला आहे, त्याला वेळ कशाला द्यायचा, हा प्रश्न सरकारला पडणं साहजिक आहे. २०२४चे तीन दिवस तिथून आले आहेत.

इथे मला थोडं थांबून बोलावंसं वाटतं. काका म्हणतात तशी अस्थिरतेची भीती खोटी नाही; ज्या राज्यात एका मार्चमध्ये तीन मुख्यमंत्री झाले, तिथे ती भीती अनुभवातून आलेली आहे. पण त्यावर काढलेला उपाय चुकीच्या जागी बसला, हे पुतणीचं म्हणणं मला मोलाचं वाटतं. सरकार पाडण्याचा अधिकार आणि खर्च तपासण्याचा अधिकार हे दोन वेगळे अधिकार आहेत. एकाच मतदानात ते गुंफलेले असल्यामुळे आपण पहिल्याला आवर घालताना दुसऱ्याचाही गळा आवळला. पहिला आवरलाही गेला नाही, कारण तो राजीनाम्यांच्या वाटेने बाहेर पडला. दुसरा मात्र खरोखर गेला, आणि तो गेल्याची बातमी कुणी दिली नाही, कारण त्यात नाट्य नव्हतं.

काका : नाट्य नाही म्हणूनच तर व्यवस्था टिकून आहे. तू अध्यादेशाला नावं ठेवतेस, पण घटना अशाच वेळेसाठी वाटा ठेवते. पंजाबचं १९६८ आठव. मार्चमध्ये अर्थसंकल्प अर्धवट असताना अध्यक्षांनी सभागृह दोन महिन्यांसाठी तहकूब केलं. राज्यपाल होते डी. सी. पावटे, कर्नाटकातले शिक्षणतज्ज्ञ. त्यांनी अधिवेशन संस्थगित केलं, अध्यादेश काढला, सभागृह पुन्हा बोलावलं आणि ३१ मार्चच्या आत खर्चाला कायदेशीर मंजुरी देणारी विनियोजन विधेयकं मंजूर झाली. सर्वोच्च न्यायालयाने ते सगळं वैध ठरवलं. उत्तराखंडमध्ये २०१६च्या मार्चमध्ये विनियोजन विधेयकावरच काँग्रेसचे नऊ आमदार फुटले, विधेयक मंजूर झालं की नाही यावरच वाद झाला, राष्ट्रपती राजवट आली आणि लेखानुदान राष्ट्रपतींच्या अध्यादेशाने झालं. मे महिन्यात मुख्यमंत्री हरीश रावत परत आले. या दोन्ही ठिकाणी राज्य बंद पडलं नाही. आणि तपासणीचं म्हणशील तर ती आमच्याकडे होते. कोणत्या मागणीत किती मंजूर होते, किती खर्च झाले, किती वाचले आणि कुठे जास्त गेले, हे सगळं विनियोजन लेख्यांमध्ये मागणीवार छापलं जातं. लोकलेखा समिती त्यावर बसते, सचिवांना बोलावून विचारते. खरा पहारा तो आहे. आमदारांच्या भाषणात आकडे चुकतात. लेख्यांत चुकत नाहीत.

पुतणी : काका, तुमच्या लेख्यांबद्दल मला आदर आहे, पण ते सांगतात ते झाल्यावर सांगतात. लोकलेखा समिती ज्या वर्षावर बोलते त्या वर्षातला पैसा केव्हाच खर्च झालेला असतो, ज्याने खर्च केला तो अधिकारी बदलून गेलेला असतो, कधी कधी सरकारही बदललेलं असतं. आणि तुमचेच लेखे वर्षानुवर्षं सांगतात की खात्यांना पैसे मिळतात आणि मोठ्या रकमा खर्चाविना परत जातात, तेही ३१ मार्चला, जेव्हा ते दुसऱ्या कुणाला वापरताही येत नाहीत. हे खर्चाआधी विचारलं असतं तर? महाराष्ट्राकडे बघा. २०२४मध्ये २८ जूनला तिथे अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला, आणि ९ जुलैला त्याच अधिवेशनात ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. ज्या अर्थसंकल्पाला दोन आठवडेही झाले नाहीत त्याला एवढी पुरवणी लागते, तर तो अर्थसंकल्प मांडताना कोणी तपासला होता? कलम २०५ पुरवणीला परवानगी देतं, त्यात बेकायदा काही नाही. पण मूळ मागणी न वाचता मंजूर आणि पुरवणी घाईत मंजूर, असं दोन्ही बाजूंनी झालं की सभागृहाकडे फक्त शिक्का मारायचं काम उरतं.

आणि पंजाबचं उदाहरण तुम्ही दिलंत, ते माझ्याच कामाचं आहे. पावटे यांच्या अध्यादेशाचा आधार होता कलम २०९. आर्थिक कामकाज वेळेत पुरं व्हावं म्हणून विधिमंडळाला आपली कार्यपद्धती कायद्याने ठरवता येते, असं ते कलम सांगतं. त्या अध्यादेशातली मुख्य तरतूद काय होती? आर्थिक कामकाज पूर्ण होईपर्यंत सभागृहाच्या संमतीशिवाय ते तहकूब करता येणार नाही. तिथे तहकुबी हे अर्थसंकल्प अडवण्याचं हत्यार झालं होतं, म्हणून तो आवर घातला. आज तहकुबी हे अर्थसंकल्प न तपासता उरकण्याचं हत्यार झालं आहे. मग तोच आवर आता का घालू नये? मध्य प्रदेश विधानसभेने कलम २०९खाली कायदा करावा : प्रत्येक खात्याची मागणी सभागृहाच्या समितीकडे जाईल, समितीचा अहवाल आल्याशिवाय ती मताला येणार नाही, आणि ते होईपर्यंत सभागृह अनिश्चित काळासाठी तहकूब होणार नाही. केरळमध्ये विषय समित्या १९८०पासून आहेत. लोकसभेत खात्यांशी निगडित स्थायी समित्या १९९३मध्ये सुरू झाल्या.

काका : कलम २०९चे शब्द ‘वेळेत पूर्ण होण्यासाठी’ असे आहेत. तू त्याच कलमाने उशीर कायदेशीर करायला निघाली आहेस. न्यायालयात हे पहिल्याच सुनावणीला विचारलं जाईल.

पुतणी : विचारू देत. उशीर तिथे होतो जिथे तारीख नसते. माझ्या कायद्यात तारखा असतील. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात अंदाजपत्रक मांडायचं, चार आठवड्यांत समित्यांचे अहवाल, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मतदान. ठरलेल्या मुदतीत अहवाल आला नाही तर मागणी अहवालाविना मताला येईल, म्हणजे कुणा समितीला राज्य अडवता येणार नाही. निवडणुकीच्या वर्षी लेखानुदान आहेच. २०२४मध्ये जे काम तीन दिवसांत उरकलं त्याला सहा आठवडे लागतील, पण ३१ मार्च चुकणार नाही.

काका : आणि पक्षादेश? समितीत सत्ताधारी बहुमतातच बसणार. अहवाल मंत्र्याच्या टेबलावर लिहून येईल.

पुतणी : काही येतील, सगळे नाही. समितीच्या बंद खोलीत कॅमेरा नसतो, घोषणा नसतात, आणि सत्ताधारी आमदारालाही आपल्या मतदारसंघातलं रुग्णालय पुरं व्हावं असं वाटतं. सभागृहात त्याला गप्प बसावं लागतं, समितीत तो सचिवाला विचारू शकतो. पण एवढ्यावर मी थांबणार नाही. १९९०च्या दिनेश गोस्वामी समितीने सांगितलं होतं की अपात्रता विश्वासदर्शक किंवा अविश्वास ठरावासारख्या मतांपुरतीच ठेवावी. १९९२च्या किहोतो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही पक्षादेश सरकारच्या अस्तित्वाशी आणि पक्षाच्या मूळ धोरणाशी निगडित बाबींपुरता असावा, या दिशेने विचार मांडला. विनियोजन विधेयकावर पक्षादेश राहू द्या; तिथे सरकारचं अस्तित्व पणाला असतं. एकेका मागणीवरची सांकेतिक कपात सूचना मात्र मोकळी करा, आणि ती मंजूर झाली तरी सरकार पडणार नाही हे संकेताने मान्य करा. मग शिक्षण खात्याच्या मागणीवर हरलेल्या सरकारला राजीनामा द्यावा लागणार नाही. शिक्षणमंत्र्याला उत्तर द्यावं लागेल, एवढंच. १९६७मध्ये ही सोय असती, तर मिश्रांना अधिवेशन संस्थगित करायची गरज पडली नसती असं मी म्हणणार नाही, कारण तिथे खरोखरच बहुमत गेलं होतं. पण त्यानंतरच्या प्रत्येक सरकारला मागण्यांची भीती बाळगायचं कारण उरलं नसतं.

काका : दहावी अनुसूची बदलायला संसद लागेल. ते भोपाळच्या हातात नाही.

पुतणी : नाही. म्हणून तो भाग मी पुढच्यासाठी ठेवते. समित्या आणि कलम २०९ मात्र भोपाळच्याच हातात आहेत.

काकांनी इथे मान डोलावली नाही, आणि त्यांनी ती डोलवावी असा आग्रह मीही धरणार नाही. आमदारांच्या इच्छेवर त्यांचा विश्वास बसत नाही, आणि इच्छा नसेल तर कायद्यातल्या तारखा कागदावर राहतात, हा त्यांचा आक्षेप मला पूर्णपणे खोडता येत नाही. तरी एक गोष्ट त्यांनी स्वतःहून पुढे केली, आणि ती त्यांच्या उभ्या नोकरीतून आलेली असल्यामुळे मला ती या सगळ्या चर्चेतली सर्वांत वापरण्याजोगी वाटते.

काका : समित्या नेमल्याच, तर त्यांना नुसतं खात्याने दिलेलं टिपण देऊ नका. खातं आपल्याला हवं तेच दाखवतं. राज्याचे मासिक लेखे इथे ग्वाल्हेरमध्ये तयार होतात, आणि त्यातले मुख्य आकडे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या संकेतस्थळावर दर महिन्याला येतातही. मागणीवार तपशील मागितला तर देता येतो. समिती फेब्रुवारीत बसणार असेल, तर तिच्या हातात डिसेंबरअखेरचा खर्च हवा. नऊ महिन्यांत ज्या खात्याने निम्मेही खर्च केले नाहीत, ते पुढच्या वर्षी दीडपट मागत असेल, तर पहिला प्रश्न तिथे. त्याला भाषण लागत नाही, एक तक्ता लागतो. तो तक्ता कसा मांडायचा, ते आमच्या ऑफिसातला कोणीही सांगेल. मात्र विधानसभा सचिवालयात तो वाचणारी चार माणसं आधी नेमा.

पुतणी : आणि त्या चार माणसांच्या पगाराची मागणी?

काका : ती विधानमंडळाच्या स्वतःच्या मागणीत येते. तीसुद्धा गिलोटिनखाली गेली नाही, म्हणजे झालं.